आस्तीन का सांप आणि थंडीचे दिवस

गेल्या डिसेंबरात माझ्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो बर्मिंगहॅमला शिकायला आहे. चार मुलांनी मिळून एक घर भाड्याने घेतलंय. त्यातला एक नाताळच्या सुट्टीत आईवडिलांकडे गेला आणि जाताना आपला पाळलेला साप भाच्याच्या हवाली करून गेला. साप म्हणजे कॉर्न स्नेक. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, नारिंगी-तांबड्या रंगाचा, बिनविषारी. तिकडे असे साप पाळायला कायद्याची हरकत नाही.

भाचा कॅमेऱ्यासमोर बसला होता तो जाकीट आणि कानटोपी घालून. बिल परवडत नाही म्हणून घरातलं हीटिंग दिवसभर बंद. त्याच हिशेबात सापाच्या काचपेटीखालची गरम होणारी चटईसुद्धा त्याने प्लगमधून काढून ठेवली होती. साप त्याच्या तळहातावर वेटोळं करून पडला होता.

"मामू, पहिल्या दिवशी हात घातला तर सळसळत पळाला, शेपूट थरथरवायला लागला. मला तर घामच फुटला. आता बघा, एकदम शरीफ झालाय. पण अम्मीला सांगू नका हां."

मी हसलो, जपून राहा म्हटलं आणि फोन ठेवला. पण तो 'शरीफ' शब्द काही डोक्यातून जाईना. मला सापांमधलं काही कळत नाही. जुनी पुस्तकं वाचणारा माणूस मी. मात्र थंडीत गप्प पडलेल्या सापाला शरीफ समजण्याची गोष्ट मी आधी वाचली होती. एकदा नाही, अनेकदा. आणि लहानपणी एकदा डोळ्यांनी पाहिलीही होती.

मदारी आणि सकाळचं ऊन

मराठवाड्यातल्या आमच्या गावी थंडीत एक म्हातारा मदारी यायचा. मोहल्ल्यातली सगळी पोरं त्याला मामूच म्हणायची. बाकीच्या दिवसांत तो सकाळी लवकर खेळ मांडायचा, पण थंडीत दहा-अकराच्या आधी कधीच नाही. मशिदीच्या बाजूच्या भिंतीला उन्हात पाठ टेकून बसायचा आणि टोपली उघडी करून शेजारी ठेवायचा. आम्ही पोरं घाई करायचो. पुंगी वाजव, नाग काढ. तो म्हणायचा, "अबी नै उठता वो. जरा धूप लगने देव."

आम्ही डोकावून पाहायचो तर नाग दोरीच्या गुंडाळीसारखा पडलेला. फणा नाही, फुसकारा नाही. एका पोराने हात पुढे केला तेव्हा मामूने त्याच्या मनगटावर अशी चापट मारली की आजही आठवते. तो म्हणाला, नाग आत्ता झोपलाय म्हणून तुला भीती वाटत नाही, पण भीती वाटायची वेळ हीच आहे, कारण तो कधी जागा होईल हे तुला कळणार नाही.

त्या मदाऱ्याला आदर्श करायचा माझा हेतू नाही. नागाचे दात काढणं, त्याला उपाशी ठेवणं, नागपंचमीच्या आधी तोंड शिवणं हे सगळं त्या धंद्यात चालायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर पकडण्यावर आणि बाळगण्यावर बंदी आली ती योग्यच झाली. त्या बंदीनंतर पोटाचं काय करायचं, हे मात्र त्या लोकांना कुणी नीट सांगितलं नाही. तो वेगळा विषय. पण थंडी आणि साप यांचं नातं त्या माणसाला ठाऊक होतं, आणि ते माहीत नसल्यामुळे शहाणीसुरती माणसं फसलेली आहेत.

रूमीचा सापवाला

सगळ्यात जुनी फसगत मी वाचली ती मौलाना रूमींच्या मसनवीत, तिसऱ्या दफ्तरात. रूमी तेराव्या शतकातले. आयुष्याचा मोठा काळ कोन्याला गेला, तिथेच १२७३ साली त्यांचा इंतकाल झाला. कोन्या अनातोलियाच्या पठारावर आहे, तिथला हिवाळा कडक. बर्फ म्हणजे काय हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

गोष्ट अशी. एक साप पकडणारा ऐन हिवाळ्यात डोंगरात जातो. तिथे त्याला भलामोठा अजदहा दिसतो, अगदी मेल्यासारखा पडलेला. तो जिवंत असतो, फक्त थंडीने गोठलेला. सापवाल्याला वाटतं, हा बगदादला नेला तर लोक पैसे देऊन बघतील. तो त्याला दोरांनी जखडतो, जाजमांनी झाकतो आणि ओढत ओढत बगदादला आणतो. दजला नदीच्या काठी गर्दी जमते. आणि इराकचं ऊन आपलं काम करतं. अजदहा हळूहळू गरम होतो, हलतो, दोर तोडतो. पळापळीत माणसं चिरडून मरतात. सापवाला भीतीने जागच्या जागी थिजतो आणि त्याच्याच तोंडी जातो.

रूमींना सांगायचं होतं ते नफ्सबद्दल. आपल्या आतली हाव मेलेली नसते, संधी नसल्यामुळे गारठलेली असते, तिला ऊन मिळालं की कळतं. मदरशात, दर्ग्यात, प्रवचनात ही गोष्ट याच अर्थाने सांगतात. मी ती पुन्हा वाचली तेव्हा लक्ष गेलं ते सापवाल्याच्या हिशेबाकडे. त्याने सापाची ताकद मोजली, वजन मोजलं, मिळणारे पैसे मोजले. हवा किती गार आहे आणि बगदादला किती गरम असेल, एवढं एकच मोजलं नाही.

ईसापच्या नावावर असलेली शेतकऱ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय. थंडीने आखडलेला साप तो दया येऊन छातीशी धरतो, साप गरम होतो आणि डसतो. तिथे तात्पर्य सांगतात ते कृतघ्नपणाचं. म्हणजे साप तोच, थंडी तीच. एका ठिकाणी त्याला नफ्स म्हटलं, दुसऱ्या ठिकाणी नमकहराम.

लंडनची बंडी

या झाल्या गोष्टी. आता घडलेला प्रसंग.

लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सापांसाठी स्वतंत्र घर उघडलं. जगातलं अशा प्रकारचं ते पहिलं. पुढच्याच वर्षी, २५ मे १८५० रोजी, इजिप्तहून ओबायश नावाचा पाणघोडा तिथे पोचला. त्याला सांभाळायला एक अरब माणूस सोबत आला होता आणि सारं लंडन तो पाणघोडा बघायला लोटलं. त्याच वर्षी इजिप्तचे गारुडीही तिथे आपले खेळ करत होते. उन्हाच्या देशातले साप धुक्याच्या शहरात येऊन पडले होते. त्यांना ऊब कशी द्यायची हे कुणालाच नीट उमगलं नव्हतं.

उपाय काय, तर कांबळं. पेटीत सापाबरोबर घोंगडी ठेवायची. १८५१ च्या सुमारास एका बोआने सशाऐवजी आपलं कांबळंच गिळलं आणि महिनाभराने ते बाहेर काढलं. वर्तमानपत्रांना चांगलाच विषय मिळाला. लोक हसले, पण चूक सापाची नव्हती. आपण कांबळं घेतो तेव्हा ते आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवतं. सापाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच आत. गार सापावर कांबळं टाकणं म्हणजे विझलेल्या चुलीवर झाकण ठेवणं.

आता २० ऑक्टोबर १८५२ ची सकाळ. एडवर्ड होरेशो गर्लिंग नावाचा रखवालदार सापांच्या घरात होता. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मित्राच्या निरोपात त्याची रात्र दारू पिण्यात गेली होती. नशेत त्याने आधी एक साप हातात घेतला, मग नाग बाहेर काढला. तेव्हाच्या एका वर्णनात म्हटलंय की रात्रीच्या गारठ्याने नाग सुस्त होता. गर्लिंगने तो आपल्या बंडीत, छातीशी घातला. अंगाच्या उबेने नाग सावध झाला आणि बाहेर काढता काढता त्याने गर्लिंगला दोन डोळ्यांच्या मधे चावा घेतला. गाडीतून इस्पितळात नेलं, कृत्रिम श्वास द्यायचा प्रयत्न झाला, पण थोड्याच वेळात तो गेला.

दारूला दोष द्या, तो आहेच. पण क्रम पाहा. गार नाग, गरम छाती, काही क्षण. रूमींनी सहाशे वर्षांपूर्वी मांडलेला तोच क्रम. फक्त इराकच्या उन्हाच्या जागी माणसाचं अंग.

प्रेम की ऊब?

वीस वर्षांनी त्याच लंडनमध्ये उलटी गोष्ट घडली. जुलै १८७२ मध्ये वॉल्टर सेव्हर्न या चित्रकाराचं पत्र 'टाइम्स'मध्ये छापून आलं. मान आडनावाचं एक जोडपं घरात बोआ आणि अजगर पाळत होतं आणि शेजारी धास्तावले होते. सेव्हर्नने लिहिलं की आपण त्यांच्या घरी गेलो, साप टेबलावर दौत-लेखणीत फिरत होते, माणसांच्या गळ्यात वेटोळी घालत होते, लहान मुलं त्यांच्याशी खेळत होती.

दहा वर्षांनी जॉर्ज रोमानीस यांनी 'अ‍ॅनिमल इंटेलिजन्स' या पुस्तकात या जोडप्याची हकिकत घेतली. त्यात शेवटचा प्रसंग आहे. मान यांना मेंदूचा झटका आला. पत्नी डॉक्टर आणायला धावली. परत येऊन पाहते तर साप खालच्या खोलीतून जिना चढून वर आला होता आणि मालकाशेजारी निपचित, मेलेला पडला होता. वाचणाऱ्यांनी तो दुःखाने मेला असं मानलं.

तो साप कशाने मेला हे आज कुणी ठरवू शकत नाही आणि एखाद्या घराचं दुःख तपासायची मला हौस नाही. पण एक दिसतं. गर्लिंगच्या छातीशी नाग जागा झाला, त्याला दगा म्हटलं. मान यांच्या अंगाशी साप येऊन पडला, त्याला वफा म्हटलं. दगा आणि वफा हे दोन्ही शब्द माणसांचे. साप दोन्हीकडे एका गरम शरीराला लागून होता.

आस्तीन

आणि इथे मला तो वाक्प्रचार आठवला. आस्तीन का सांप. मराठीत अस्तनीतला साप म्हणतात, अस्तनीतला निखाराही म्हणतात. अस्तनी हा शब्दसुद्धा फारसी 'आस्तीन'वरूनच आलेला. म्हणजे बाही.

हा वाक्प्रचार मी शाळेत शिकलो, वाक्यात उपयोग करून दाखवला, गुण मिळवले. पुढे तो चहाच्या टपरीवर ऐकला, निवडणुकीच्या सभेत ऐकला, फोनवर आलेल्या मजकुरात वाचला. दरवेळी तो कुणासाठी वापरलाय हे मला विचारावं लागलं नाही. बोलणारा कधी कधी माझ्याकडे बघून म्हणायचा, तुम्ही तसे नाही हो, तुम्ही शांत आहात.

साप बाहीत का शिरतो, हे त्या वाक्प्रचारात कुठेच नाही. तो शिरतो कारण बाहीत ऊब असते. घात करायचा बेत आखून कुणी बाहीत येत नाही. ज्याला स्वतःची ऊब नाही, तो जिथे मिळेल तिथे जातो. आणि उलट बाजूने, गारठून गप्प पडलेल्याला 'शांत आहे' म्हणून शाबासकी देणं हाही मान नव्हे. तो बोलत नाही म्हणजे त्याला मान्य आहे असं नाही. कदाचित त्याला हलताच येत नसेल.

हे माझ्या मनातलं आहे. सापावर त्याचं ओझं टाकायला नको. नाहीतर मीही तेच केलं, जे तात्पर्य सांगणाऱ्यांनी आजवर केलं. म्हणून पुन्हा लंडनला जाऊ, कारण सापाला साप म्हणून बघणारी एक बाईही तिथेच झाली.

जोन प्रॉक्टर

जोन प्रॉक्टर १८९७ साली जन्मली. पोरवयातच पाली-सापांचा नाद. शाळेत एकदा मगरीचं पिल्लू घेऊन गेली होती. तब्येत कायम नाजूक, त्यामुळे विद्यापीठात शिकायचं राहिलं. पण ब्रिटिश म्युझियममध्ये बूलेंजर यांच्या हाताखाली ती तयार झाली आणि १९२३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. वय अवघं सव्वीस.

तिच्या आराखड्यानुसार बांधलेलं नवं घर १९२७ मध्ये उघडलं. त्यात विजेची ऊब होती आणि ती सगळीकडे सारखी नव्हती. पिंजऱ्यात एक जागा गरम, दुसरी गार. कुठे पडायचं हे प्राण्याने ठरवायचं. सूर्यातली अतिनील किरणं आत येऊ देणारी खास काच बसवली. प्रेक्षकांच्या दालनात उजेड कमी आणि पिंजऱ्यात जास्त, म्हणजे प्राणी नीट दिसावेत. पुढे कोमोडो बेटांकडून आलेला सुंबावा नावाचा मोठा ड्रॅगन तिच्याबरोबर बागेत फेरफटका मारायचा. १९३१ मध्ये ती वारली, वयाच्या ३४ व्या वर्षी.

ऐंशी वर्षांत एवढा फरक पडला. १८४९ च्या घरात माणूस ठरवायचा, सापाला किती कांबळी लागतील. १९२७ च्या घरात साप ठरवायचा, आपल्याला किती ऊब लागेल. तिच्या हातातले प्राणी शांत असायचे, पण ती शांतता गारठ्याची नव्हती. त्यांना पळता येत होतं आणि तरी ते पळत नव्हते.

पुन्हा बर्मिंगहॅम

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. भाच्याचा चेहरा उतरला होता. "मामू, त्याने उंदीर उलटून टाकला. रविवारी खाल्लेला. आता हलतही नाही."

कारण सरळ होतं. साप अन्न पचवतो ते बाहेरच्या उबेवर. पोट भरलेलं आणि अंग गार झालं की आतला उंदीर पचत नाही, सडतो. रानातले कॉर्न स्नेक थंडीत बिळात निपचित पडून राहतात, पण त्याआधी पोट रिकामं करून. भाच्याने त्याला जेवू घातलं आणि मग चूल विझवली.

त्याने मित्राला फोन केला, मित्राने प्राण्यांच्या डॉक्टरला. उपाय साधे निघाले. चटई पुन्हा लावायची, पण थर्मोस्टॅटवर, म्हणजे ती भाजणार नाही. पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश, दुसरी २२-२४. ऊब हळूहळू वाढवायची. केस वाळवायचं यंत्र नाही, उकळत्या पाण्याची पिशवी नाही. दोन आठवडे खायला काही द्यायचं नाही, ताजं पाणी ठेवायचं. तोवर हातही लावायचा नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय का, तोंडाशी बुडबुडे येतात का, हे पाहायचं. गारठलेल्या सापाच्या फुप्फुसाला लागण होते, आणि तसं दिसलं तर लगेच दवाखाना.

साप बरा झाल्यावर थंडीत त्याला हातात घ्यायची रीतही भाच्याने वहीत उतरवून घेतली. आधी खोली गरम करायची. मग आपले हात, कारण बर्फासारख्या बोटांनी धरलं तर कुणीही दचकेल. साप आधी उबेच्या बाजूला पडून गरम झालेला हवा. वरून झडप घालायची नाही, बाजूने हात सरकवून पोटाखाली आधार द्यायचा. जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे. आणि तो काखेत, मानेपाशी किंवा बाहीत शिरू लागला की लाड समजायचा नाही. त्याला गार वाटतंय, पेटीत परत ठेवायची वेळ झाली.

"म्हणजे आस्तीन का सांप," भाचा म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "थर्मामीटर समज त्याला."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा पुन्हा कॉल आला. मागे काचपेटी दिसत होती, त्यात पिवळसर उजेड. चौघांनी मिळून चटईचं वीजबिल वाटून घ्यायचं ठरवलं होतं. भाच्याने झाकण सरकवून हात आत घातला. साप सर्रकन मागे गेला, शेपूट थरथरवलं आणि लाकडाखाली लपला.

"पाहिलं मामू? परत बदमाश झाला."

मी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं.

अम्मीला आम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही. पण आपा माझा प्रत्येक लेख वाचते, त्यामुळे आज तिला कळेल.